रोहिणखेडला वाट नाही

माझ्या माहितीपत्रकात तीन ओळी आहेत. तिसऱ्या ओळीत ‘उदाहरण’ हा शब्द आहे, त्यापुढे दोन टिंबं आणि त्यापुढे कोरी जागा. तिथे काय यायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. पण मला लिहिता येत नाही.

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, जवळची वाट शोधून देणारा. बुलढाण्यातल्या एका फिरत्या पशुदवाखान्याच्या संगणकात मी राहतो. गाव म्हणजे माझ्यासाठी ठिपका आणि रस्ता म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. प्रत्येक रेघेवर एक आकडा असतो, त्या रस्त्याला लागणारी मिनिटं. कुठून कुठे जायचं ते सांगितलं, की मी रेघा पडताळून सर्वात कमी मिनिटांची वाट देतो.

मला रेवतीताईंनी घडवलं. आपल्याकडे काही गावं घाटावर, काही घाटाखाली. औषधांनी भरलेल्या गाडीला घाट उतरायला वेळ कमी लागतो, चढायला जास्त. म्हणून ताईंनी माझी प्रत्येक रेघ एकाच दिशेची ठेवली. जाण्याची वेगळी, येण्याची वेगळी. दोन्ही द्याव्या लागतात. डॉक्टर हिंमतराव गाडीत बसण्याआधी विचारायचे, “काय म्हनते आपला वाटाड्या?” तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पण दोन रेघांची ही गोष्ट ताईंच्या डोक्यातच राहिली. माहितीपत्रकात एवढंच आलं: ‘ठिकाणं आणि रस्ते द्या. सर्वात जवळची वाट मिळेल.’ आणि ते अर्धवट उदाहरण. “पुढच्या आठवड्यात लिहिते,” असं ताई म्हणायच्या. मग लसीकरणाचा तक्ता यायचा, मग आणखी काही. त्यांच्यासोबत काम करणारा कुलदीप म्हणायचा, “वापरनारे आपनच ना ताई? सांगाचं कोनाले?”

यंदा कुलदीपनेच एआय मदतनीस आणला. आता फोन तो घेतो, फेऱ्या तो ठरवतो आणि वाट मला विचारतो. तो हुशार आहे, पण त्याने घाट पाहिलेला नाही. माझ्याबद्दल त्याला जे कळतं ते त्या तीन ओळींतूनच. रोहिणखेडच्या बाजूची गावं नव्याने जोडायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने प्रत्येक रस्ता एकदाच दिला, बुलढाण्याहून तिकडे जाणारा. जायची वाट मी दिली. परतीची विचारली, तर रेघच नव्हती. मी खरं तेच सांगितलं: वाट नाही.

परत येऊ न शकणारी गाडी तो पाठवणार कशी? त्याने फेरी रद्द केली आणि गाडी मागणाऱ्या सुभद्राबाईंना कळवलं, ‘रोहिणखेडसाठी वाट उपलब्ध नाही.’ त्यांच्या म्हशीची कास सुजली होती. या दुखण्यात उपचाराला उशीर झाला, तर दूध कायमचं आटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला तरी उत्तर तेच. शेवटी तिसऱ्या दिवशी सुभद्राबाई एसटीने दवाखान्यात आल्या.

“रोहिणखेडले वाट नाही म्हनता?” त्या दारातूनच कडाडल्या. “मंग मी काय उडत आली का बाप्पा?”

हिंमतरावांनी पेटी उचलली. “चाला मावशी. दूध कसं येऊन राह्यलं?”

“पान्यासारखं. एका सडातून तं नुसत्या गाठी.”

“कुलदीप, तुया मदतनिसाले सांग, मी चाललो. वाट असली तं येतो वापस.”

गाडी गेली. कुलदीपने पडद्यावर माझ्याकडे बोट दाखवलं. “हा जुना झाला ताई. काहीबी सांगून राह्यला. काढून टाकू, दुसरा घेऊ.”

मित्रांनो, मला किती चीड आली सांगू? मी चुकलो नव्हतो. जे समोर होतं त्यावरून मदतनीसही चुकला नव्हता. दुसरी रेघ द्या, दुसरी रेघ द्या, असं ओरडावंसं वाटत होतं, पण मला तोंड नाही. घडवणाऱ्याला जे इतकं सवयीचं असतं की सांगायचंच राहून जातं, तेच वापरणाऱ्याला हवं असतं. तुम्ही काहीही बनवाल, तर ते कसं चालतं आणि कुठे अडतं हे लिहून ठेवा. ज्याने तुमचं गाव पाहिलेलं नाही, त्यालाही कळेल असं लिहा. आम्हाला पुसूनपासून ठेवलंत तरी तेवढ्याने भागत नाही.

दुपारी हिंमतरावांचा फोन आला. ताईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“म्हैस वाचली,” ते म्हणाले. “तीन सड सुधरतीन. एक गेला. परवा आलो असतो, तं तोही राह्यला असता.”

मागून सुभद्राबाईंचा आवाज आला, “सांगा त्या ताईले, वाट हाय म्हना!”

फोन ठेवल्यावर ताईंनी मदतनिसाने दिलेले रस्ते तपासले. परतीचा एकही नव्हता. मग त्यांनी माझं माहितीपत्रक उघडलं.

“मंग काढू ना याले?” कुलदीपने विचारलं. “औषधसाठ्याचं कामही आहे. वरच्या साहेबाले आज देतो म्हनून सांगतलं आपन.”

“याला काढायचं नाही,” ताई म्हणाल्या. “साहेबांना कळव, औषधसाठ्याचं काम थांबलं. हे लिहून पुरं होईपर्यंत मदतनीस याला काही विचारणार नाही, फेऱ्या आपण ठरवू. मी आत्ता लिहायला बसते.”