सातवा रकाना

शिवडीच्या चौकीवर तीन वर्षांत तीनच फ्लेमिंगोंची सुटका झाली होती, आणि तीही एका जानेवारीतल्या सलग अकरा दिवसांत.

वन विभागाच्या अधिकारी इरावती देवधर यांनी तक्ता पुन्हा वाचला. चौकीचा वनरक्षक दगडू मार्चमध्ये निवृत्त होणार होता. महागाई भत्ता सगळ्यांचा सारखाच वाढे. गुणवत्तेची पगारवाढ मात्र इरावतींनी दिलेल्या गुणांवर, आणि गुण बहुतेक सातव्या रकान्यावर: सुटका केलेले पक्षी. वाढ मिळाली, तर दगडूचं निवृत्तिवेतनही त्या पगारावर ठरणार होतं. त्याच्या रकान्यात शून्य होतं. ते तिन्ही पक्षी तो आजारी असताना त्याच्या जागी तात्पुरत्या आलेल्या निलेशने सोडवले होते. निलेशला वाढ मिळाली होती.

गुणपत्रक संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. इरावती ओहोटीची वेळ पाहून शिवडीला गेल्या.

दगडू गुडघाभर चिखलातून येत होता, खांद्यावर ओलं पोतं घेऊन.

"पोत्यात काय आहे?"

"जाळ्यांचे तुकडे, मॅडम. होडीवाले फाटकं जाळं पाण्यात टाकतात, ते इथे येऊन बसतं. पाखरं उतरायच्या आधी काढलेलं बरं."

"रोज काढता?"

"रोजच. शीव कोळीवाड्यातला मी. जाळं कुठे अडकलंय ते पायाला कळतं."

"मग नोंद का नाही केलीत?"

"कुठे करू? फॉर्मात पाखरांचा रकाना आहे, जाळ्याचा नाय." पोतं भिंतीला टेकवत तो हसला. "निलेश म्हणतो, काका, एखादं अडकू द्या की. ब्लेडने दोन धागे कापायचे, पगार वाढतो."

"मग?"

"धडपडताना पाय मोडतो हो त्याचा."

इरावतींनी पोतं उचलून पाहिलं. जड होतं, पण एका दिवसाचं पोतं म्हणजे पुरावा नव्हे. त्यांनी चौकीतली जुनी नोंदवही मागितली. दगडू येण्याआधीच्या तीन वर्षांत सुटका एकोणतीस. त्यानंतर, त्याच्या रजेतल्या तीन.

त्यांनी तिथेच बाकावर गुणपत्रक भरलं. सातव्या रकान्यातलं शून्य तसंच ठेवलं. गुण दिले दहापैकी दहा. खाली, कारणाच्या ओळीत लिहिलं:

'हा कर्मचारी कामावर असताना पक्षी जाळ्यात अडकत नाहीत, कारण जाळी तो आधीच काढतो.'