आत गेलेली सुई

अख्तरबानूला जाऊन आठ महिने झाले. कोथरूडच्या एका सोसायटीत कचरा निवडताना तिच्या अंगठ्यात इंजेक्शनची सुई शिरली होती. तिने अंगठा पदराला पुसला आणि पुढचा डबा ओढला. कावीळ त्यातूनच झाली, असं डॉक्टर म्हणाले. आता त्याच डब्यांवर मुलगी जोया जात होती. तिच्या बापाने, कासिमने, नको म्हणून पाहिलं. मग घर कसं चालायचं, असं तिने विचारलं.

कासिम पत्र्याचे डबे, नरसाळी करी. त्याने सुयांसाठी एक डबा केला. वर चीर, आत उंदराच्या पिंजऱ्यासारखी वळवलेली पट्टी. आत गेलेली सुई डबा आपटला तरी बाहेर यायची नाही. भरला की न उघडता दवाखान्याच्या भट्टीत. लिहिता येत नव्हतं, म्हणून वर लाल गोल रंगवला. सोसायटीच्या फाटकाशी तो टांगला आणि वॉचमनला सगळं समजावलं. वॉचमन आठवड्यातच नोकरी सोडून गेला.

महिन्याने कासिम जोयाबरोबर आला. डबा हलवला तर आत कागद सळसळले. त्याने कातरीने पत्रा कापला. जोयाने एक चिठ्ठी वाचून दाखवली: ‘जिन्यात चपला काढणाऱ्यांनी त्या घरी न्याव्यात.’ बाकीच्याही तसल्याच. ती कामाला लागली आणि कासिम चौथ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी श्रीनिवासराव यांच्याकडे गेला.

श्रीनिवासराव म्हणाले, “तक्रारपेटी तुमची होय? उत्तम चालते. वाचत कोणी नाही, एवढंच.”

कासिमने डबा कशासाठी होता ते सांगितलं. बायकोचंही सांगितलं. श्रीनिवासराव गंभीर झाले. ते स्वतः रोज इन्सुलिन घेत.

“माझी काळजी नको. मी सुई उघडी टाकत नाही. वर्तमानपत्रात चार पदरी गुंडाळतो, वर दोरा बांधतो.”

“तिला तशीच लागली, साहेब. पुडी असली की सोडून बघावी लागते. आत ओला कचरा की सुका, बाहेरून कळत नाही.”

श्रीनिवासरावांनी दाराशी ठेवलेल्या रिकाम्या केराच्या डब्याकडे पाहिलं.

“आजची पुडी कुठाय?” कासिमने विचारलं.

“मघाशीच खाली टाकली.”

कासिम जिन्याने धावत सुटला. दुसऱ्या मजल्यावरच्या जाळीतून त्याने जोयाला हाक मारली. तिने मान वर केली. बोटं मात्र पुडीचा दोरा सोडतच होती.