शेंदराखालची तांबडी रेघ

मी एक जुना, चौकोनी, काळा दगड आहे आणि मला खोबरेल तेलाची शिसारी आहे. मित्रांनो, शिसारी हा शब्द मी जपून वापरतो. पण तुमच्या अंगावर रोज कोणी दही ओतलं, दह्यावर साखर टाकली, साखरेला मुंग्या आल्या, मुंग्या हाकलायला कोणी उदबत्ती टोचली आणि शेवटी एका कुत्र्याने पाय वर करून या सगळ्यावर आपलं मत दिलं, तर तुम्हीही माझ्याइतकेच कठोर व्हाल.

माझा जन्म औशाजवळच्या एका खाणीत झाला. माझा एक भाऊ कुणाच्या तरी उंबऱ्याची पायरी झाला, दुसरा धुणं धुवायला गेला. मला सरकारी नोकरी लागली. खाणीत मोठा आनंद झाला. पाटबंधारे खात्याच्या लोकांनी मला जीपमध्ये घालून देवणी तालुक्यात, मांजरेकाठच्या एका गावी आणलं. नदीपासून चांगलं वर, उतारावर, एका बाभळीशेजारी रोवलं आणि माझ्या कपाळावर तांबडी रेघ ओढली. काम सोपं होतं. मोठा पूर आला तर पाणी इथपर्यंत चढू शकतं, एवढंच उभं राहून सांगायचं.

साहेब जमलेल्या लोकांना म्हणाले, "हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर आहे." आणि जीप निघून गेली. लोकांनी हिशेब लावला की आजोबांच्या काळात एक येऊन गेलाय, म्हणजे आता नातवाच्या लग्नापर्यंत सुट्टी. मित्रांनो, ते तसं नसतं. पोत्यात शंभर शेंगा आहेत, त्यात एक खवट. दर साली डोळे मिटून एक काढायची आणि खायची. चांगली लागली तर तिच्या जागी दुसरी चांगली, खवट लागली तर थुंकायची आणि तिच्या जागी दुसरी खवट पोत्यात टाकायची. गेल्या साली तोंड वाईट झालं म्हणून औंदा होणार नाही, असं शेंगेला कुणी सांगितलेलं नसतं. हे मी पहिल्याच दिवशी समजावून सांगणार होतो. तोंड नव्हतं, एवढीच अडचण.

मग ग्यानोबाची देवणी गाय हरवली आणि नेमकी माझ्या पायाशी सापडली. ती तिथे सावलीला आली होती. पण ग्यानोबाने माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"तांबडं हाय, उभं हाय, नदीवर ध्यान ठिवून हाय. देवच हाय की हो!"

मला रेघोबा हे नाव पडलं आणि त्याच दिवशी माझी रेघ शेंदराखाली गेली. त्यावर तेल, त्यावर पुन्हा शेंदूर. मला वाचायला ठेवलं होतं; लोक माझ्यापुढे डोळे मिटून उभे राहू लागले.

पुढे राजशेखरअण्णांनी माझ्यापासून खाली नदीपर्यंतची जमीन घेतली आणि प्लॉट पाडले. अडचण एकच होती, ती म्हणजे मी. रेघेखालची जागा कोण घेणार? अण्णा हुशार. त्यांनी गाव गोळा केलं.

"देवाला नदी लांब पडायली," ते डोळे पुसत म्हणाले. "इतकी वर्सं झाली, बिचाऱ्याला एक आंघोळ न्हाई."

गाव हेलावलं. मला उपटलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं, पुढे बँड लावला आणि अगदी पाण्याच्या काठाला नेऊन एका कट्ट्यावर बसवलं. कट्ट्याला अण्णांच्या न्हाणीघरातल्या उरलेल्या फरश्या लावल्या. त्यांच्यावर मासे आहेत. दुसऱ्या दिवसापासून अण्णा गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आपला एकूण एक प्लॉट रेघोबाच्या वर हाय. बिनघोर घ्या."

महानंदाने घेतला. तिची मिरची कांडपाची गिरणी होती. गावातली भाड्याची जागा सोडून तिने सगळी पुंजी घातली आणि गिरणी नेमकी माझ्या समोर आणली. शेजारी तिचा दीर भीमाशंकर, त्याचं किराणा दुकान. ही गिरणी गेली तर महानंदाला दुसरी उभी करणं जमणारं नव्हतं, हे काठावर धुणं धुणाऱ्या सगळ्या बायांना माहीत होतं. म्हणून मलाही.

एकदा लातूरहून विम्याचा एजंट आला आणि माझ्याच कट्ट्यावर बसला. बसताना त्याच्या पँटीला तेल लागलं. मला बरं वाटलं.

"आगीचा, चोरीचा विमा होईल," तो म्हणाला. "पुराचा यात वेगळा घ्यावा लागतो. घ्यायचा का?"

"पूर?" राजशेखरअण्णा हसले. "देवाच्या वर राहायलो आम्ही. फुकट पैसे कशाला घालायलाव?"

"आन् मी तर विमा काढलेलाच हाय," ग्यानोबा म्हणाला.

"घराचा?"

"सोयाबीनचा."

"मामा, त्यात घर येत नाही."

"का? सोयाबीन घरातच ठिवतो की!"

एजंटने कपाळ पुसलं. महानंदा सासूकडे पाहू लागली. सिद्धम्मा, तिची सासू, इतका वेळ पान कुटत होती. आता तिने त्या पानाची लाल पिचकारी कट्ट्याखाली टाकली. मी दुर्लक्ष केलं, कारण पुढचं वाक्य मोलाचं होतं.

"महानंदे, देव वरून खाली आला, ते खरं. नदी कुठं खाली गेली?"

महानंदाने पुराचा विमा घेतला. वहिनीने घेतला म्हणून भीमाशंकरानेही घेतला. अण्णांनी घेतला नाही. त्यांच्या गोदामात खताची पोती होती आणि मनात श्रद्धा होती.

सप्टेंबर संपत आला होता. वर कुठेतरी धरणाचे दरवाजे उघडले आणि सकाळी दूध काढायच्या वेळेला मांजरा माझ्या कट्ट्यावर चढली. लोक जुन्या गावठाणात पळाले, म्हणून जीव वाचले. मी बुडालो. खरं सांगू? आयुष्यातली ती पहिली बरी आंघोळ. शेंदराची खपली निघाली, तेल सुटलं. पाणी चढत चढत गेलं आणि त्या बाभळीपाशी, जिथून मला उपटलं होतं, तिथे थांबलं. खात्याचा साहेब बरोबर होता. हे दाखवायला तिथे मी असायला हवा होतो, आणि मी तळाशी होतो.

पाणी ओसरल्यावर जे उरलं त्याचं वर्णन मी जेवणाआधी करणार नाही. गिरणीत मिरची, चिखल आणि वरच्या गावांनी नदीत सोडलेलं सगळं मिळून एक रस्सा झाला होता. भिंतीवर छातीइतक्या उंचीला गाळाची सरळ रेघ उमटली होती.

आणि घट तोंडावर आलेले. आमच्या भागात घट बसायच्या आधी घर धुऊन काढतात. गोधड्या, भांडी, भिंती, काही सोडत नाहीत. पूर आला म्हणून काय झालं? सगळ्या गावाने खराटे उचलले. भीमाशंकराने भिजलेली साखर, डाळ, साबण, सगळं नदीत ओतलं, भिंती धुतल्या, वरून चुना मारला. दुकान आरशासारखं झालं. नदीला मात्र साबणाचा फेस आला, तो मला लागला.

महानंदाने कंपनीला फोन केला होता. तिकडून सांगितलं की फोटो काढा, काही फेकू नका, आमचा माणूस बघून जाईपर्यंत सगळं तसंच राहू द्या. तिने तसंच ठेवलं. वास गल्लीभर पसरला. बाया माझ्यापाशी धुणं आपटत बोलू लागल्या.

"घट आले, आन् ही बया घाण राखत बसली."

"देवी येईल का असल्या घरात?"

भीमाशंकर नाक दाबून दारात आला. "वहिनी, लोक काय म्हणायलेत, बघा की. धुऊन टाका. मी माणसं लावतो."

महानंदाच्या हातात खराटा होता. ती रडवेली झाली होती. "आत्या, काय करू? कंपनीचा माणूस न्हाईच आला तर? पैसा बी गेला आन् देवी बी."

सिद्धम्मा गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि तिने गिरणीतला गाळ परडीत भरला.

"घट कशात बसतोय गं? मातीतच ना? दर साली रानात जाऊन आणावी लागती. औंदा घरपोच आली." आणि भीमाशंकराकडे वळून, "तू जा. नाक दाबून देवीपुढं उभं ऱ्हाऊ न्हाई."

घट त्या गाळात, त्या वासात बसला. मित्रांनो, गहू असे उगवले की बघणाऱ्याला लाज वाटावी. मिरचीचं खत होतं.

माळा चढत राहिल्या आणि कंपनीचा माणूस आला. त्याने तोंडाला रुमाल बांधला, भिंतीवरची गाळाची रेघ टेपने मोजली, मोटार पाहिली, कुजलेली पोती पाहिली. "फार चांगलं ठेवलंय," असं म्हणून तो बाहेर गेला आणि माझ्या कट्ट्यामागे ओकला. तीही सेवा मी स्वीकारली.

मग तो भीमाशंकराच्या चकचकीत दुकानात गेला.

"नुकसान कुठे आहे?"

"ते काय," भीमाशंकराने नदीकडे बोट दाखवलं.

माणसाने नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही साक्ष देऊ शकलो नाही. भीमाशंकराचं प्रकरण अजून फिरतं आहे. अण्णांचं तर प्रकरणच नाही. त्यांच्या वाहून गेलेल्या खताने मांजरेत जलपर्णी मात्र झकास आली.

महानंदाला सगळं नाही, पण नवी मोटार आणि कांडप येईल एवढं मिळालं. मगच तिने गिरणी धुतली. भिंतीवरची रेघ तेवढी पुसली नाही. तिच्यावर तांबडा ऑइलपेंट ओढला आणि त्या रेघेच्या वर ओटा बांधून मोटार बसवली.

दुसऱ्या सकाळी ग्यानोबा त्या रेघेपुढे नारळ घेऊन उभा. महानंदा खराटा घेऊनच बाहेर आली.

"मामा, हितं नारळ फोडलाव तर बघा! ती पुजायची न्हाई. बघायची, आन् घरी जाऊन आपली पोती तिच्या वर ठिवायची."

ग्यानोबा घाबरला. पण त्याच दुपारी त्याने घरात फळ्या ठोकल्या आणि पोती उचलून वर ठेवली. मी इतकी वर्षं उभा आहे, मित्रांनो, माझं ऐकून एकही पोतं कधी हललं नव्हतं.

तुमच्या गावाबाहेरही माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याची रेघ शोधा. आपलं घर तिच्या वर आहे की खाली, हे घरच्यांना विचारा. विम्यात पूर आहे की नाही, हे वाचून घ्या. आणि एवढं सगळं करूनही तुम्हाला भक्ती आवरत नसेल, तर ओलं फडकं आणा आणि त्याचं कपाळ तेवढं पुसून काढा. दही आणू नका.