वरवंट्याचा देव

धाकलूनं कुऱ्हाड खाली टाकली आणि म्हणाला, "मुकादम, ह्या झाडाला आमी हात लावायचो न्हाई."

"का रं? झाड चावतंय व्हय?"

"खाली देव हाय."

"कसला देव? परवा हितं कायबी नव्हतं."

"परवा नसंल. आज हाय."

टेंभवाडीच्या वरच्या अंगाला, झऱ्यापाशी हे बोलणं चाललं होतं. साल छप्पन्न. डोंगर हैबतरावांच्या नावावर होता आणि त्या हिवाळ्यात त्यांनी तो कोळशाला काढला होता. तेव्हा पुण्यात घरोघर शेगड्या होत्या. कितीही कोळसा पाठवा, पुरायचा नाही. झाडं तोडायला आणि भट्ट्या लावायला त्यांनी कातकऱ्यांची दहा-बारा बिऱ्हाडं आणली होती. धाकलू त्यांचा म्होरक्या. आणि त्या सगळ्यांवर मुकादम मी, भिवाजी, टेंभवाडीतलाच.

दोन महिन्यांत निम्मा डोंगर उघडा झाला होता. ऐन गेले, किंजळ गेले, हिरडे गेले. सकाळी उठलं की घशात धूर असायचा. आता झऱ्याभोवतीची पंधरा-वीस झाडं राहिली होती, जांभळी आणि करंज. सगळ्यात मोठी जांभळ बरोबर पाण्यावर होती. तिच्या बुडाशी ओल्या मातीत उभा रोवलेला एक दगड होता. त्याला शेंदूर फासलेला. पुढे चार झेंडूची फुलं आणि नारळाची एक वाटी.

कातकरी हात बांधून उभे होते. धाकलूची बायको बाळाबाई तर पदर डोक्यावर घेऊन खाली बसली होती.

कुऱ्हाडींचा आवाज थांबला म्हणून हैबतराव छडी टेकत वर आले. "काय मुकादम? चहाला सुट्टी दिली का?"

"देव निघालाय म्हनत्यात."

"बघा की मग. तुमच्या वाडीचा देव, तुमालाच म्हाईत."

मी उकिडवा बसलो. नखानं शेंदूर जरा खरवडला. आणि मला दगडाच्या टोकाचा टवका दिसला.

तो टवका मीच उडवलेला होता. लग्नाच्या पहिल्या साली बैलाचा खुंटा ठोकायला काही मिळेना म्हणून घरातला वरवंटा घेतला होता, तेव्हा. त्यावरून तुळजा दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

तुळजा म्हणजे माझी बायको. मग मला आदल्या रात्रीची चटणी आठवली. जाडीभरडी लागत होती. मी विचारलं होतं, "वरवंटा कुटं गेला?" तर म्हणाली, "सांदीला पडलाय कुटंतरी. गोट्यानं वाटतीया." मी जेवलो आणि उठलो होतो.

त्याच्या आधी पंधरा दिवस आमचं वाजलंही होतं. ती म्हणाली होती, "अवं, झऱ्यावरची तेवढी झाडं ठिवा."

"मालकाची हायेत."

"आन् पानी कुनाचं हाय?"

"पानी झाडातनं येत न्हाई, खडकातनं येतंय. मला शिकवू नगंस."

"माज्या म्हायेरी भुकूमला वढ्याकाठची तोडली, तर वढा आटला. मी डोळ्यांनी बघितलंय. तुमी मुकादम हायसा, तुमचा शब्द ऐकत्याल."

मी शब्द टाकला नाही. मालकापुढे बोलायची माझी छाती नव्हती, हे तिला सांगायचीही छाती नव्हती. तिनं ते ओळखलं असणार. म्हणून तिनं तिचा उपाय केला. देव बसवला. आमच्याकडे शेंदूर लागलेल्या जागी कोणी कुऱ्हाड लावत नाही. कातकरी तर नाहीच नाही.

मी तसाच उकिडवा होतो. आता सांगतो ते मला कोणी विचारलेलं नाही, पण सांगतो. त्या वेळी मी नुसतं कपाळ टेकलं असतं तरी झाडं राहिली असती. हैबतराव काही नास्तिक माणूस नव्हते. कुरकुरले असते आणि पुढे सरकले असते. एवढं सोपं होतं.

पण मला हसू आलं. बाईमाणसानं केलेला हा उद्योग, आणि तो मी पकडला, याचं हसू. वाटलं, मालकालाही हसू येईल. मी दगड हलवून उपसला आणि हातात धरून उभा राहिलो.

"ह्यो कसला देव! ह्यो माज्या घरचा वरवंटा हाय!"

हैबतराव पोट धरून हसले. "मुकादम, तुमच्याकडं देव मिरच्या वाटतो म्हना की!"

त्यांच्याबरोबरचे दोघे हसले. मीही हसलो. कातकऱ्यांतलं कोणी हसलं नाही.

धाकलू माझ्या अगदी जवळ आला. "मुकादम, खरं सांग. देव न्हवं?"

"वरवंटा हाय रं धाकल्या. ह्यो बघ टवका."

"आईच्यान?"

"आईच्यान."

"आमी घाव घातला, तर आमच्या पोराबाळांवर काय यायचं न्हाई?"

"आलं तर माज्यावर यील. घाल."

त्यानं कुऱ्हाड उचलली. पहिला घाव घालताना डोळे मिटले, ते मी पाहिलं.

वरवंटा काखेत मारून मी घरी आलो. तुळजा चुलीपुढे होती. जांभळ पडल्याचा आवाज खाली वाडीपर्यंत आला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, वरवंट्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कसली अवदसा आठवली तुला? मालकाच्या म्होरं हसं झालं."

"कुनाचं?" ती म्हणाली.

एवढंच. वरवंटा घेऊन ती परसात गेली, राखेनं घासला, आणि त्याच संध्याकाळी त्यावर चटणी वाटली. शेंदूर सगळा गेला नाही. वरवंट्याच्या बारीक भोकांत तो राहिलाच. पुढे कितीतरी दिवस पानात चटणी पडली की मी बघत राहायचो, ही लाली मिरचीची का त्याची.

वाडीत बायकांना विषयच मिळाला. पाणवठ्यावर कोणीही म्हणायचं, "तुळजे, तुज्या देवाला मिरची सोसती का गं? का गूळ लागतो?" पोरं तिला वरवंटेबाई म्हणायला लागली. माझ्या देखतही म्हणत. मी एकाच्याही कानाखाली वाजवली नाही. कुठल्या तोंडानं वाजवणार? नाव मीच ठेवलं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. लोक म्हणाले, औंदा पाऊस कमी झालाय. नंतरच्या पावसाळ्यात डोंगरावरून लाल पाणी सुटलं. ते दगडगोट्यांसकट आमच्या भाताच्या खाचरात शिरलं. तीन खाचरं मुरमानं भरली, झऱ्याखालचं कुंड गाळानं भरलं. आम्ही गाळ उपसला. खाली पाणी नव्हतं. पुढच्या चैत्रात झरा आटला तो आटलाच.

मग बायकांच्या वाट्याला धरणाचं पाणी आलं. वाडीपासून खाली, दरीतल्या जुन्या धरणाच्या फुगवट्यापर्यंत उतरायचं आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन चढायचं. पाय ठेवला की मुरूम सुटायचा. ज्या बायका तुळजाला हसल्या होत्या त्याच आता तिच्या मागे-पुढे रांगेनं चालायच्या. आता कोणी हसत नव्हतं. एकदा चंद्राबाई, आमची शेजारीण, माझ्या दारात हंडा टेकवून म्हणाली, "भिवादाजी, तुमची बायकू यडी न्हवती बरं का. आमीच यड्या." तुळजा आतच होती. मी तंबाखू मळत बसलो.

साठ सालच्या आखाडात तिला ढाळ लागले. त्या पाण्यानं लागले असं मी छातीठोक म्हणत नाही. वाडीत पाच जण पडले होते, चार उठले. ओढे भरून चालले होते, पौडला दवाखान्यात न्यायची वाट नव्हती. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या तीन दिवसांत मी दोनदा तिच्याजवळ बसून तोंड उघडलं. एकदा म्हणालो, "पेज पितीस का?" दुसऱ्यांदा म्हणालो, "पांघरून घालू का?"

नंतर मी मुकादमी सोडली.

तिकडे पानशेतचं धरण फुटलं त्या एकसष्ट साली, दिवाळी झाल्यावर, हैबतरावांचा माणूस मला बोलवायला आला. त्यांनी आता आमच्या वरची सारजाबाईची वाडी कोळशाला धरली होती. सारजाबाई म्हणजे तिथली जुनी रांडाव बाई. वाडी सहा घरांची, पण सगळे तिला विचारून चालायचे. तिथल्या झऱ्यावरही जांभळीची झाडं होती, आणि तिथंही कातकरी अडले होते. तोच धाकलू, तीच माणसं.

"चला," तो माणूस म्हणाला. "मालक म्हनत्यात, दगडाची पारख तुमालाच हाय."

मी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. नाही म्हणायची सवय नव्हती.

झऱ्यापाशी बायका उभ्या होत्या. मला बघून सारजाबाई मोठ्यानं म्हणाली, "आला गं बायांनो, कुऱ्हाडीचा दांडा आला."

हैबतरावांनी छडीनं दाखवलं. "बघा बरं. ह्यो कुनाच्या घरचा?"

मला वाकावंही लागलं नाही. जात्याची तळी होती ती. गोल, मधे खुंट्याचं भोक, टाकीचे घावसुद्धा दिसत होते. आंधळ्यानं चाचपून सांगितलं असतं. भोकात शेंदूर दाबून भरला होता. सारजाबाई तिकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. आणि तिच्या ओठावर घाम होता.

मी पागोटं काढलं, पायातलं काढलं आणि दगडापुढे डोकं टेकलं.

"देव हाय," मी म्हणालो.

"काय?" हैबतराव म्हणाले. "अरं जातं हाय ते! माझ्या पोरालाबी कळंल."

"जातंच हाय मालक. आन् देवबी हाय. बाईनं पान्यासाठी मांडलाय, त्यो देवच."

"तुजं डोकं फिरलंय. बायकू गेल्यापासनं ह्याचं असंच हाय." त्यांनी कातकऱ्यांकडे बघितलं. "घाला रं घाव!"

कोणी हललं नाही. धाकलू पुढे आला. पाच वर्षांत तो फार वाळला होता. त्याची लेक सोनी मधल्या काळात तापानं गेली होती, ते मला ठाऊक होतं. मी भेटायला गेलो नव्हतो.

"भिवाजी," तो म्हणाला. आजवर त्यानं मला मुकादम सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. "ह्यो देव हाय?"

"हाय."

"मग तवाचा?"

हैबतराव काही बोलत होते, ते मला ऐकू आलं नाही. तेव्हाचा वरवंटा होता आणि हा देव, असं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. झाडंही राहिली असती, आणि धाकलूही गप झाला असता. ते माझ्या तोंडाशी आलं होतं.

"तवाचाबी व्हता," मी म्हणालो.

"आईची आन घेतलीवतीस."

"व्हय."

"माज्या हातनं घाव घालून घेतलास."

"व्हय, धाकलू."

मला वाटलं, तो मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं कुऱ्हाड जमिनीला टेकवली. मग त्यानं विचारलं, "तुळजाबाईला सांगितलंस ह्ये?"

"न्हाई."

"कवाच न्हाई?"

"न्हाई."

त्यानं कुऱ्हाड खांद्यावर घेतली. "चला रं," आपल्या माणसांना म्हणाला. ते सगळे एकामागोमाग उतरून गेले. बाळाबाईनं जाताना जात्याच्या तळीला हात लावून कपाळाला लावला आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. हैबतराव शिव्या देत त्यांच्या मागे गेले.

बायकांनी हंडे भरले आणि त्याही गेल्या. सारजाबाई तेवढी राहिली. तिनं झऱ्यातनं तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या. लांबनं आलासा."

मी तो घेतला नाही. तिनं जरा वेळ धरला आणि मग पाणी जांभळीच्या बुडाशी ओतून दिलं.