यंत्र बंद असताना

सभागृहात शिरताना दिसलेल्या माइकच्या तोंडावरची ती स्पंजची काळी टोपी... एका बाजूनं कुरतडलेली, कुणाच्या तरी नखांनी. मुलाखत घ्यायला आलेल्या ताईच्या आवाज टिपायच्या छोट्या यंत्रालाही अशीच टोपी होती आणि बोलता बोलता आपण ती कुरतडत बसलो होतो. ताई रागावली नव्हती, नुसती हसली होती, हे आठवून तिला जरा बरं वाटलं. ती मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसली होती. धुलाईघरातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली, हातांना अजून इस्त्रीच्या चादरींचा उबट वास. ताईनं बोलावलं नव्हतं. उलट, येऊ नकोस, उगाच त्रास होईल, असंच ती म्हणाली होती. पण आपलं बोलणं भरसभेत वाजणार आणि त्यावरून शरीरविक्रीच्या धंद्याचा कायदा कसा असावा हे शहाणीसुरती माणसं ठरवणार म्हटल्यावर तिला घरी बसवेना. नाव नाही, चेहरा नाही, ओळख पटू नये म्हणून आवाजही बदललेला. पण बोलणं तर माझंच ना?

आणि ते वाजलं. "मी माझी आले. कुणी ओढून आणलं नाही."

जाडाभरडा, धड बाईचा नाही की पुरुषाचा नाही असा आवाज, मागे तिच्याच खोलीतल्या पंख्याची किरकिर. ताई व्यासपीठावरून समजावून सांगत होती की ही सज्ञान बाई आहे, हा तिचा निर्णय आहे, तिला न विचारता तिची सुटका करणारे आपण कोण. टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या, आणि वाजवता वाजवताच हात थांबले — 'दुसऱ्यांदा' कुठे गेलं? आपण 'दुसऱ्यांदा मी माझी आले' असं म्हटलं होतं. तो एक शब्द काय जड झाला होता यांना?

मग समोरच्या बाजूच्या वकीलबाई उठल्या. ताईनं जमवलेल्या मुलाखतींचे तुकडे त्यांनाही मिळाले होते. पुरावा सगळ्यांचा असतो, असं ताई नेहमी म्हणायची. पुन्हा तोच आवाज, तोच पंखा. "मला आणलं. मावसबहिणीनं. नोकरी आहे म्हणून." वकीलबाईंनी यंत्र थांबवलं. अशा बाईपुढे संमतीच्या गप्पा मारताना लाज कशी वाटत नाही, असं त्यांनी ताईकडे बोट दाखवून विचारलं. याही वेळी टाळ्या पडल्या. मग आकडे निघाले. त्यांच्या आकड्यांत ताईनं खोट काढली, ताईच्या आकड्यांत त्यांनी, आणि दोघी अगदी हातघाईवर आल्या. शेजारचे चष्मेवाले गृहस्थ बायकोच्या कानाशी लागले. "एकीचं ऐकावं तर दुसरीवर अन्याय होतो."

एकीचं, दुसरीचं... अहो, मी एकच आहे. वकीलबाईंना ते ठाऊक नसेल, बदललेले सगळे आवाज सारखेच वाटत असतील. पण ताईला ठाऊक होतं. ताई खाली मान घालून कागद चाळत होती.

आणि मधलं? पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा यांच्या मधलं — धाड पडली, गाडीत कोंबलं, सुधारगृहाच्या जाळीआड ठेवलं, तुझ्या भल्यासाठीच म्हणाले, आणि शेवटी घरी सोडलं तेव्हा आईनं दार उघडलं, तांब्याभर पाणी दिलं, पण आत ये म्हणाली नाही. उंबऱ्याबाहेर उभ्यानंच पाणी प्यायले मी, तांब्या पायरीवर ठेवला, आणि संध्याकाळच्या गाडीनं, माझी मी, जिथं आत ये म्हणतात तिथं परत... हे सांगताना ती रडली नव्हती. ताईच रडली होती, अगदी हमसून हमसून. मग डोळे पुसत तिनं यंत्र बंद केलं होतं.

"हे राहू दे. हे आपल्या दोघींतलं. चालेल ना?"

तिनं मान हलवली होती. आपल्यासाठी कुणी रडतं याचंच तेव्हा केवढं अप्रूप वाटलं होतं, त्यानंतर कितीतरी दिवस चादरींच्या घड्या घालताना ती मनातल्या मनात ताईशी बोलायची. आज ते सगळं आठवून तिच्या अंगाची लाही झाली. केसानं गळा कापला. मावसबहिणीनंही गाडीत बसवताना पाठीवरून हात फिरवला होता, नाही करमलं तर परत ये, चालेल ना, असंच विचारलं होतं, आणि तेव्हाही मान अशीच... धाडीतल्या पोलीसबाईंपुढे, सुधारगृहात, सगळीकडेच. कुणी मायेनं विचारलं की ही मान आपली आपण हलते. त्या हलण्यावर इथं मघापासून एवढा वाद चालला होता, आणि ते हलणं स्वतः पाहिलेली यांच्यापैकी एकटी ताईच.

अध्यक्ष, एक थकलेले निवृत्त न्यायाधीश, घड्याळाकडे बघत म्हणाले, श्रोत्यांपैकी कुणाला काही बोलायचं असेल तर माइक तिकडे पाठवू. ती खांबाच्या आडून जराशी पुढे सरकली, का ते तिलाही कळलं नाही. ताईनं त्याच वेळी वर पाहिलं. ओळखलं. तोंडावरचा रंग उडाला. मग तिनं स्वतःला सावरलं, डोळ्यांत पाणी आणलं — की आलं? खरंच आलं असेल, ती काही खोटी बाई नव्हे — आणि छातीवर हात ठेवून, हलकेच भुवया उंचावून, मागच्या रांगेकडे बघत राहिली. चालेल ना?

कुरतडलेल्या टोपीचा तो माइक हातोहात मागे येत होता. तो आपण घेऊ, की पुढे देऊ, बोललो तर जुना धंदा कळून धुलाईघरातलं काम जाईल का, आवाज फुटेल तरी का, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिनं नेहमीप्रमाणे मान हलण्याची वाट पाहिली. ती हलली नाही. मानेत काहीतरी ताठ, अनोळखी येऊन बसलं होतं, आणि त्याची तिला भीतीही वाटत होती.

ताई अजून बघतच होती.