शेवंती माझ्यापासून लांब गेलीच नाही

मित्रांनो, मी साठ वॉटचा एक जुना पिवळा बल्ब. माझ्या काचेला एका मुक्या जिवाचं कातडं चिकटलं होतं. सांगताना आजही माझी तार थरथरते. हे माझ्याच हातून झालं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

अफझलगंजच्या एका दुकानातून उत्तमरावांनी मला आणलं. ते मूळचे परभणीकडचे, नोकरी रेल्वेत, घर तारनाक्याला. मागच्या अंगणात गावरान कोंबड्या पाळायचे. थंडीत पिल्लांच्या खोक्यात मला वीतभर उंचीवर टांगायचे आणि बघत बसायचे. पिल्लं माझ्याखाली गोळा झाली की म्हणायचे, "गारठलीत." पांगली की म्हणायचे, "उकडायलंय त्यांना," आणि दोरी वर ओढायचे. चार हिवाळे गेले, पण एकाही पिल्लाला माझा चटका बसला नाही. शेजारपाजारचे कौतुकानं बघायला यायचे. मी किती फुशारलो होतो म्हणून सांगू!

पुढे अंगणात खोली उठली, कोंबड्या गेल्या. घरात एलईडी आले. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, बिस्किटांच्या डब्यात पडून राहिलो. किती वर्षं, कुणास ठाऊक.

गेल्या जानेवारीत अचानक डबा उघडला. उत्तमरावांची नात दीपमाला हिनं साप पाळला होता! रीतसर नोंदणी करून आणलेला, बिनविषारी, नारिंगी रंगाचा कॉर्न स्नेक. नाव शेवंती. तिच्या काचेच्या पेटीखालची गरम चटई बंद पडली, आणि दीपमाला नेमकी कामासाठी पुण्याला गेलेली. शेवंती गारठून निपचित पडली होती.

"आबा, बल्ब लावा," दीपमाला फोनवर म्हणाली, "पण आत नाही हं. वरच्या जाळीच्या बाहेर."

"हौ, हौ. मला नको शिकवू. पिल्लं जपण्यात शेर आहे मी."

आणि त्यांनी मला पिल्लांच्या खोक्यात टांगायचे तसंच, पेटीच्या आत, वीतभर उंचीवर टांगलं.

थोड्या वेळानं शेवंती हलली. फांदीवरून हळूहळू वर आली आणि माझ्याभोवती वेटोळं घालून बसली. उत्तमराव हरखले. "बघा, कशी बिलगली! तापलं की होईल बाजूला." असं म्हणून ते चहा टाकायला गेले.

मीही तेच धरून चाललो होतो. आता सरकेल, मग सरकेल. ती सरकेचना! माझी काच तव्यासारखी तापलेली, आणि ही निवांत. अगं, हो ना बाजूला! मला तोंड असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण माझं बटण माझ्या हातात नव्हतं. करपल्याचा वास आला तेव्हा उत्तमराव कप टाकून धावले.

प्राण्यांच्या डॉक्टर भाग्यलक्ष्मी घरी आल्या. शेवंतीचं पोट बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अंकल, ये मुर्गी के बच्चे नै हैं. चमडी जलती तो भी सांप जल्दी हटता नै."

उत्तमराव म्हणाले, "बाई, मी तर पिल्लागतच जपलं हो. वाचेल ना?"

"आठ दिन देखेंगे."

दुसऱ्या दिवशी दीपमाला आली. "आबा, बाहेर म्हणाले होते ना मी! एवढंसं ऐकवत नाही तुम्हाला?" ती रडत होती. उत्तमरावांनी मलमाची डबी उघडली. तेव्हापासून रोज सकाळी शेवंतीला मांडीवर घेऊन मलम लावायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. सातव्या आठवड्यात तिनं कात टाकली, तेव्हा घरात पेढे आले. पोटावर दोन बोटं रुंदीचा डाग मात्र राहिला, तो राहिलाच.

आता नवी चटई आहे. फारच गारठा पडला तर मला लावतात, जाळीच्या बाहेर, तापमान मोजून आपोआप बंद करणाऱ्या यंत्राला जोडून. अंतर उत्तमराव टेपनं मोजतात, दोनदा.

मित्रांनो, जीव लावा, जरूर लावा. पण ज्याला जपताय त्याचं अंग कसं आहे, त्याला कशानं इजा होते, हे आधी जाणत्या माणसाला विचारा, आणि त्याचं ऐका. चार हिवाळ्यांच्या शहाणपणावर मी आणि उत्तमराव विसंबलो होतो.

काल त्यांनी बटण दाबलं तशी शेवंती उठली, फांदीवर चढली आणि जाळीला तोंड लावून पुन्हा माझ्याचकडे येऊ लागली. तिला माझी अजूनही भीती वाटत नाही. उत्तमरावांचा हात मात्र बटणावरच होता.