बोलत ये वर

अणदुरात महालिंगप्पांचा आवाज चावडीपासून खंडोबाच्या देवळापर्यंत जायचा. त्यांच्या बायकोचा, शरणम्मांचा, चुलीपासून उंबऱ्यापर्यंतही पोचत नसे. सासूबाई बोलायला लागल्या की सुनेला, शिवकांताला, भाकरी थापायचा हात थांबवून कान द्यावा लागे. एवढ्या हळू बोलणाऱ्या बाईचा अडीअडचणीला काय आधार, असं तिला लग्न झाल्यापासून वाटत आलेलं.

त्या दुपारी निजामाचे पोलीस दारात आले, तेव्हा तिचा नवरा शांतलिंग अंगणातल्या रिकाम्या पेवात, धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, दडून बसला होता. सरकारच्या विरोधात गेलेला माणूस. हद्दीपलीकडच्या कॅम्पातून चोरपावलानं आला होता, तान्ह्या लेकीचं तोंड बघायला.

जमादारानं पेवाच्या तोंडावरची फळी बाजूला सारली. "इसमें क्या है?"

"जवारी… जवारी हाय, साब," महालिंगप्पा म्हणाले, आणि गावभर घुमणारा तो आवाज फुटक्या पिपाणीसारखा चिरकला.

जमादार हसला. शिवकांताकडे वळला. "मर्द किधर है तेरा?"

तिनं लेकीला छातीशी आवळलं.

"बाळंतीण हाय ती. मला इचारा," शरणम्मा पेवापाशी येऊन म्हणाल्या. "पेव आजच उघडलंय. वाफ कोंडली आसंल, जीव घेती. आदी पेटती चिमणी सोडून बघा. चिमणी इझली तर उतरू नगा. उतरलाच, तर बोलत ऱ्हावा. बोलणं थांबलं की आमी दोर वढतो."

मिठाचा भाव सांगावा तसा आवाज. चढला नाही, पडला नाही. जमादारालाही ऐकायला वाकावं लागलं.

शिवकांताला वाटलं, रिकाम्या पेवात वाफच नाही, तर चिमणी विझेल कशी? सासूबाईंनी आपल्या हातानं लेक धरून दिला.

दोराला बांधलेली चिमणी पेवाच्या अरुंद गळ्यातून खाली गेली. अंधाऱ्या पोटात पोचते न पोचते तोच ज्योत फडफडली आणि विझली.

शिपाई मागं सरकले. "कोई मरा क्या इसमें?" जमादारानं विचारलं.

"न्हाय. मरू दिलं न्हाय. बोलत ठिवलं," शरणम्मा म्हणाल्या.

जमादार घोड्याकडे वळला.

टापा विरल्यावर महालिंगप्पांना कंठ फुटला. "म्या सांगनारच हुतो त्येला!"

"व्हय. आता वरडू नगा," शरणम्मा म्हणाल्या आणि पेवात दोर सोडला. "शांत्या, बोलत ये वर."

"चिमणीवर फुंकर मारून तोंड काळं झालं, अव्वा," खालून आलं. "तुझा आवाज जरा जरी हलला असता, तर तुला धरलं समजून मीच वर आलो असतो."

दिवस मावळायच्या आत त्याला पुन्हा हद्द गाठायची होती. निघताना तो शिवकांतापुढं थांबला. तिला रडू आवरत नव्हतं, पण आता आपण काढू तोच आवाज वाटभर त्याच्यासोबत जाणार, हे तिला कळलं होतं.

"जावा," ती हळूच म्हणाली. "आमी हाव इथं."

तो ऐकायला वाकला होता.